साथीत कोर्ट पुढे ढकललं जातं, तेव्हा तारखेचं, मुदतीचं आणि कोठडीतल्या माणसाचं काय होतं?

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात मेलेले उंदीर सापडायला लागले आणि पाठोपाठ माणसांना ताप, काखेत आणि जांघेत गाठी. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. महिनाभरात सुरतेत प्लेग फुफ्फुसाच्या रूपात उठला, ५० च्या आसपास माणसं गेली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाले. प्लेग म्हणजे आजोबा-पणजोबांच्या तोंडी ऐकलेला रोग, उंदीर पडले की गाव सोडून शिवारात झोपड्या घालायच्या तो काळ, असं धरून चाललेल्या मराठवाड्याला तेव्हा चांगलाच हादरा बसला.

साथ आली की शाळा बंद होते, आठवडी बाजार भरत नाही, यात्रा रद्द होते. हे कुणालाही समजतं. कोर्ट बंद झालं की मात्र पक्षकार गोंधळतो, कारण तिथे सगळा कारभार तारखेवर आणि मुदतीवर चालतो. जिल्हा कोर्टात अपील करायचं तर ३० दिवस. समन्स मिळाल्यावर कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस. चेक वटला नाही तर नोटीस पाठवायला ३० दिवस. कोर्टाच्या दाराला कुलूप लागलं तरी हे दिवस मोजले जाणार का? की थांबणार? मी मराठवाड्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करतो आणि हा प्रश्न लोक आजही विचारतात, कारण २०२० ते २०२२ मधल्या कोरोनाच्या गोंधळाचे धागे अजून अनेक फायलींत अडकलेले आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. साथीत कोर्ट पुढे ढकलायला हरकत नाही, कधीकधी ते केलंच पाहिजे. पण ते करताना एक फरक पाळावा लागतो: ज्याला कोर्टात यायचं आहे त्याची मुदत थांबली पाहिजे आणि ज्याला सरकारने कोंडून ठेवलंय त्याची मुदत एक दिवसही थांबता कामा नये. बाकीचे सगळे नियम या फरकाभोवती फिरतात.

आधी कोर्ट धोक्याचं का, ते पाहू. तालुका कोर्टात बोर्डावर शे-सव्वाशे प्रकरणं असतात. प्रत्येकाचा पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात दोन्हीकडची माणसं, त्यांच्यासोबत आलेले भाऊबंद, साक्षीदार, पोलीस, बेलिफ. चारजणांच्या बाकावर सातजण. एकच फाईल शिरस्तेदाराकडून न्यायाधीश साहेबांकडे, तिथून वकिलाकडे, परत टेबलावर. साक्षीदाराच्या जबाबावर अंगठा घ्यायचा तर शाईचं पॅड एकच, दिवसभर तेच. आणि मागच्या बाजूला रेकॉर्ड रूम: कापडात बांधलेले बस्ते छतापर्यंत रचलेले. त्यातले काही कागद निजामाच्या अमलातले, उर्दूतले. उंदरांना याहून बरी जागा कुठे मिळणार?

प्लेगच्या बाबतीत ही मागची खोली आणि पुढचं दालन यांचा धोका वेगवेगळा असतो. गाठीचा प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे होतो. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून माणसाकडे वळतात. म्हणून गाठीच्या प्लेगात नुसतं शेजारी बसल्याने रोग होत नाही, पण उंदीर असलेल्या खोलीत काम करणारा कारकून धोक्यात असतो. फुफ्फुसाचा प्लेग खोकल्यातून पसरतो आणि भरलेलं कोर्ट त्याला पुरेपूर संधी देतं. आज स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधांनी, वेळेत मिळाली तर, रोगी वाचतो. पूर्वी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. प्लेगचा जंतू येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला आणि पिसवांचा संबंध सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिला. त्याआधीच्या न्यायाधीशांना एवढंच दिसत होतं की गर्दी जमली की माणसं मरतात.

तारीख मेली की खटला मेला

हे सर्वात स्पष्ट दिसतं ते इंग्लंडच्या इतिहासात, आणि आपली कोर्टाची पद्धत बरीचशी तिथूनच आलेली असल्यामुळे तो इतिहास आपल्याही कामाचा आहे.

लंडनची मोठी कोर्टं तेव्हा वेस्टमिन्स्टरच्या एकाच भल्यामोठ्या दालनात भरत. वर्षातून चार सत्रं. प्लेग उन्हाळ्याच्या शेवटी भडकायचा आणि शरद ऋतूतलं सत्र नेमकं त्याच्या तोंडावर यायचं. म्हणून तेच सत्र पुन्हापुन्हा हलवावं लागलं. १५९२ मध्ये ते हर्टफर्डला भरलं, १६२५ मध्ये रेडिंगला, १६६५ च्या महाभयंकर प्लेगात ऑक्सफर्डला. म्हणजे त्यांनी दोन उपाय केले: कधी तारीख पुढे नेली, कधी अख्खं कोर्टच दुसऱ्या गावी नेलं.

यातली खरी गोम कागदात होती. त्या काळी प्रतिवादीला बोलावणाऱ्या हुकुमावर ठरावीक दिवस आणि ठरावीक जागा लिहिलेली असे. त्या दिवशी न्यायाधीश बसलेच नाहीत, तर प्रकरण अधांतरी पडायचं. ते जिवंत करायला पुन्हा नव्याने बोलावणं काढावं लागे, पुन्हा खर्च, पुन्हा शोधाशोध. एका माणसाचं असं झालं तर ठीक. अख्ख्या सत्रातले सगळे खटले एकदम अधांतरी पडले तर राज्यभर हाहाकार. म्हणून 'कोर्ट बंद' एवढी दवंडी पिटून भागत नसे. राजाच्या नावाने रीतसर हुकूम निघायचा: अमुक दिवसाची सगळी प्रकरणं जशीच्या तशी, त्याच टप्प्यावर, तमुक दिवशी तमुक गावी चालतील.

आपल्याकडे जायकवाडीच्या कालव्याचं आवर्तन आठ दिवस पुढे गेलं, तर शेतकऱ्याची पाळी जात नाही, फक्त पाणी उशिरा येतं. आवर्तनच रद्द झालं तर मात्र पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. कोर्ट रीतसर तहकूब होणं आणि कोर्ट नुसतं न भरणं यांत हाच फरक आहे. आजही साथीत निघणारं परिपत्रक हातात पडलं की मी पहिल्यांदा तेवढंच शोधतो: नुसतं 'कामकाज होणार नाही' असं लिहिलंय, की 'या दिवसांची प्रकरणं अमुक तारखांना नेमली आहेत' असंही लिहिलंय?

नंतर हा प्रकार इतरत्रही झाला. १७९३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय फिलाडेल्फियात बसत होतं. पीतज्वराची साथ आली आणि सत्र तहकूब झालं. १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये इन्फ्लुएन्झामुळे त्याच न्यायालयाने युक्तिवाद पुढे ढकलले.

पण मला या सगळ्यात सर्वात जास्त अस्वस्थ करते ती गोष्ट प्लेगची नाही. जुलै १५७७ मध्ये ऑक्सफर्डला फिरत्या न्यायाधीशांचं कोर्ट भरलं. तुरुंगातून कैदी आणले गेले आणि त्यांच्यासोबत तुरुंगातला ताप आला. हा टायफस, उवांमुळे पसरणारा. प्रमुख न्यायाधीश मेले, शेरीफ मेला, पंच मेले. एकूण मृत्यू ३०० च्या घरात गेले. १७५० मध्ये लंडनच्या ओल्ड बेलीत तेच घडलं आणि मृतांमध्ये शहराचे लॉर्ड मेयर होते. त्यानंतर कोर्टात सुवासिक वनस्पती पसरायची प्रथा पडली. न्यायाधीश मेले म्हणून या घटना इतिहासात राहिल्या. ज्या कोठड्यांतून तो ताप आला, तिथे माणसं त्याआधी कित्येक वर्षं मरत होती, कारण न्यायाधीश गावात येईपर्यंत त्यांनी आतच कुजायचं होतं. १७७० च्या दशकात जॉन हॉवर्ड या गृहस्थाने इंग्लंडचे तुरुंग हिंडून पाहिले आणि दाखवून दिलं की फाशीवर जितके मरतात त्याहून जास्त कैदी तुरुंगाच्या तापाने मरतात. कोर्ट पुढे ढकललं की बाहेरचा माणूस घरी सुरक्षित राहतो आणि आतला माणूस साथीच्या तोंडी जातो. साथ जितकी मोठी, तितकी ही विषमता मोठी.

कोर्ट बंद करण्याचा अधिकार कुणाचा

आपल्याकडे मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकार घाबरलं आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. मोजून चार कलमांचा. पुण्यात त्याची अंमलबजावणी ज्या पद्धतीने झाली, घराघरांत शिरून जी झडती घेतली गेली, त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवरच्या गोळीत झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हा ब्रिटिश कायदा इथे थेट लागू नव्हता. आता तो आपल्यालाही लागू आहे आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने त्याच १८९७ च्या कायद्याचा आधार घेतला.

या कायद्याने राज्य सरकारला साथ रोखण्यासाठी नियम करायचे मोठे अधिकार दिले आहेत. बाजार बंद करता येतो, प्रवास थांबवता येतो, माणसाला वेगळं ठेवता येतं. पण कोर्टाचं कामकाज कधी चालेल आणि कधी नाही, हे त्यातून ठरत नाही. जिल्ह्यातल्या आणि तालुक्यातल्या कोर्टांवर देखरेख आणि नियंत्रण उच्च न्यायालयाचं असतं. राज्यघटनेची कलमं २२७ आणि २३५ ती व्यवस्था सांगतात. मराठवाड्यापुरतं बोलायचं तर मुंबई उच्च न्यायालयाचं परिपत्रक निघतं, ते प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे येतं आणि तिथून तालुक्याला. (आपल्याला १९८१ पासून औरंगाबादला उच्च न्यायालयाचं पीठ आहे. नाहीतर असल्या प्रत्येक कामासाठी मुंबई गाठावी लागली असती, हे नव्या पिढीला सांगावंसं वाटतं.)

म्हणून दोन गोष्टी नीट वेगळ्या ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांनी संचारबंदी लावली म्हणजे कोर्ट बंद झालं असं होत नाही. वकील संघाने कामकाजात भाग न घेण्याचा ठराव केला, तरीही कोर्ट बंद नसतं. दोन्ही वेळा तुम्ही येऊ शकला नाहीत याचं कारण म्हणून ते सांगता येतं, पण कायद्याच्या मोजणीत तो दिवस 'कोर्ट बंद' धरला जात नाही. या गैरसमजात लोकांची अपिलं मुदतीबाहेर जातात.

कोर्ट दुसरीकडे भरवण्याची सोय मात्र आपल्याकडेही आहे. सत्र न्यायालय साधारणपणे ठरलेल्या ठिकाणीच बसतं, पण पक्षकारांच्या आणि साक्षीदारांच्या सोयीसाठी, सरकार पक्ष आणि आरोपी दोघांची संमती असेल तर, ते दुसऱ्या ठिकाणी बसू शकतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९ मध्ये हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. हर्टफर्ड-रेडिंगची युक्ती कायद्यात जिवंत आहे, वापरली फार कमी जाते. एखाद्या तालुक्यातच साथ असेल, तर सगळं ठप्प करण्याआधी हा पर्याय पाहिला पाहिजे असं मला वाटतं.

ज्याला कोर्टात यायचंय त्याची मुदत

मुदत कायदा १९६३ चा. त्याचं कलम ४ अगदी साधं आहे: मुदतीचा शेवटचा दिवस कोर्ट बंद असताना आला, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करा, चालेल. 'उघडेल त्या दिवशी' हे शब्द मात्र कडक आहेत. दुसऱ्या दिवशी गेलात तर कलम ४ मदतीला येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं हे पुरतं. साथीत कोर्ट दोन महिने बंद राहिलं, तर दोन महिन्यांत मुदत संपलेला प्रत्येक माणूस एकाच सकाळी त्याच खिडकीवर उभा राहणार. साथ आटोक्यात यायच्या दिवशी एवढी गर्दी!

दुसरा मार्ग कलम ५ चा, म्हणजे विलंब माफीचा अर्ज. उशिराला पुरेसं कारण होतं हे कोर्टाला पटवायचं. अपील आणि अर्जांना हा मार्ग आहे. मूळ दाव्याला नाही. उसने पैसे वसूल करायच्या दाव्याची ३ वर्षं उलटून गेली, तर नंतर कितीही खरं कारण सांगा, कलम ५ तिथे चालत नाही.

शिवाय २०२० मध्ये एक वेगळीच अडचण होती. कोर्टं पूर्ण बंद नव्हती. तातडीची कामं सुरू होती, काही ठिकाणी अर्धा दिवस, काही ठिकाणी मोबाईलवर. मग कलम ४ मधलं 'कोर्ट बंद' कशाला म्हणायचं? हा घोळ ओळखून सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी स्वतःहून दखल घेतली आणि १५ मार्च २०२० पासून सगळीकडच्या मुदती वाढवल्या. शेवटचा मोठा आदेश १० जानेवारी २०२२ चा: १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मोजायचाच नाही. ज्यांची मुदत या काळात संपली असती, त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस. १५ मार्च २०२० ला कुणाची ९० दिवसांहून जास्त मुदत शिल्लक असेल, तर त्याला ती जास्तीची.

समजा गेवराईच्या एका शेतकऱ्याच्या बांधाच्या दाव्याचा निकाल ५ मार्च २०२० ला लागला. जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवस, म्हणजे ४ एप्रिलपर्यंत. नक्कल मिळायला लागणारे दिवस वेगळे वगळतात, ते सध्या बाजूला ठेवू. १५ मार्चपर्यंत ९ दिवस गेले होते, २१ उरले होते. साध्या हिशेबाने २१ दिवसच उरायला हवे होते, पण आदेशाने त्याला पूर्ण ९० दिवस दिले आणि त्याचं अपील २०२२ च्या मे अखेरीपर्यंत मुदतीत धरलं गेलं. एकही विलंब माफीचा अर्ज नाही, त्या अर्जाची फी नाही, समोरच्याचा आक्षेप नाही. सामान्य माणसाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती.

चेकचं प्रकरण आणखी वेगळं. लातूरला आडतीवर सोयाबीन घातलं, आडत्याचा चेक परत आला. बँकेची पावती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग समोरच्याला १५ दिवस, मग १ महिन्यात फिर्याद. यातली नोटीस कोर्टात द्यायचीच नसते, ती टपालाने जाते. त्यामुळे कोर्ट बंद होतं हे कारण तिला लागू पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने या पायऱ्यांचाही आदेशात वेगळा उल्लेख केला, म्हणून लोक वाचले. पुढच्या साथीत असा आदेश येईलच असं धरून बसू नका. पोस्ट सुरू असेल तर नोटीस पाठवूनच टाका.

चालू प्रकरणाची तारीख ही वेगळी बाब. वादी पुकाऱ्याला गैरहजर राहिला तर दावा निकाली निघू शकतो, प्रतिवादी नसला तर एकतर्फी चालू शकतो. एरवी हे योग्यच आहे. पण समजा धारूरचा ऊसतोड मजूर. मार्च २०२० मध्ये तो बायको-पोरांसह कोल्हापूरकडच्या कारखान्यावर अडकलेला, जिल्ह्याच्या सीमा बंद. त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूम झाला, तर तो न्याय म्हणायचा का? म्हणूनच साथीच्या परिपत्रकात 'गैरहजेरीमुळे प्रतिकूल आदेश करू नयेत' हे वाक्य असणं मला अत्यावश्यक वाटतं. तरीही असा हुकूम झालाच तर तो रद्द करून घ्यायला अर्ज करता येतो, मात्र त्यालाही मुदत आहे.

आणि मनाई हुकूम. जमिनीच्या वादात बरेचदा 'पुढील तारखेपर्यंत' असा तात्पुरता मनाई हुकूम असतो. पुढची तारीख आली, कोर्ट भरलं नाही, हुकूम वाढवला गेला नाही, की समोरचा ट्रॅक्टर घेऊन शेतात उतरायला मोकळा. हा धोका ओळखून मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये सगळे अंतरिम आदेश एकगठ्ठा पुढे चालू ठेवले आणि वेळोवेळी वाढवत नेले. घर रिकामं करण्याचे आणि पाडकामाचे हुकूमही थांबवले. शब्द थोडे होते, पण त्यावर कित्येकांची घरं आणि बांध टिकले.

काही कामं मात्र पुढे ढकलण्यासारखी नसतातच. जामीन, पोटगी, घरात मार खाणाऱ्या बाईचा संरक्षणाचा अर्ज. उलट साथीत घराचं दार बंद असतं तेव्हा त्या बाईला कोर्टाची गरज वाढते. वाटणीच्या दाव्यातली साक्ष चार महिने थांबली तर बिघडत नाही, जरी वयस्कर साक्षीदाराच्या बाबतीत मी तेही म्हणायला धजणार नाही. व्हिडिओवरून कामकाज हा चांगला मार्ग आहे, ६ एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला रीतसर मान्यता दिली. वकिलांचा युक्तिवाद त्यावर नीट होतो. पण ज्या गावात रेंजसाठी माळावर जावं लागतं, तिथल्या म्हाताऱ्या साक्षीदाराचा उलटतपास मोबाईलवर घेणं मला पटत नाही. त्याच्या शेजारी कोण उभं आहे, हे साहेबांना दिसतच नाही.

कोठडीतल्या माणसाची मुदत

आता ज्या बाजूची मुदत कधीच थांबत नाही, तिकडे येऊ. अटक झालेल्या माणसाला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायलाच हवं. हे राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये आहे आणि त्याला साथीचा अपवाद नाही. म्हणून सगळी कोर्टं बंद असली, तरी रिमांडचं, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोठडीत ठेवायचं का हे ठरवणारं, कोर्ट बंद नसतं. दिवाळीतही नाही, लॉकडाऊनमध्येही नव्हतं. त्यानंतर न्यायालयीन कोठडी वाढवताना आरोपीला व्हिडिओवरून हजर करता येतं, पण पहिल्यांदा आणि पोलीस कोठडीत असेपर्यंत प्रत्यक्षच आणावं लागतं.

पोलिसांनी तपास पूर्ण करून दोषारोपपत्र देण्यालाही मुदत आहे. फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवस, बाकीच्यांत ६०. त्या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. गुन्हा किती गंभीर, पुरावा किती, हे तेव्हा बघत नाहीत.

२०२० मध्ये नेमका इथेच वाद उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या मुदती वाढवल्यात, मग पोलिसांची ६०-९० दिवसांची मुदतही वाढली, असं काही ठिकाणी धरलं गेलं आणि माणसं आतच राहिली. १९ जून २०२० रोजी एस. कासी या तमिळनाडूतल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते साफ नाकारलं. मुदतवाढ वकिलांना आणि पक्षकारांना साथीत धावपळ करावी लागू नये म्हणून होती. माणसाला जास्त दिवस कोंडून ठेवायला तिचा वापर करता येणार नाही. मला हा निकाल त्या काळातला सर्वात महत्त्वाचा वाटतो. लंडन-ऑक्सफर्डच्या त्या जुन्या कैद्यांना जे मिळालं नाही, ते इथे शब्दांत उतरलं.

गरजही तशीच होती. मे २०२० मध्ये मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात कैदी आणि कर्मचारी मिळून १०० हून जास्त जणांना लागण झाली होती. त्याआधीच, २३ मार्चला, तुरुंगांतली गर्दी कमी करण्यासाठी प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमायला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं आणि ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांतल्या कैद्यांना तात्पुरतं सोडण्याचा विचार झाला.

आता कामाचं. साथीत कोर्ट तहकूब झाल्याचं कळलं की परिपत्रकाची प्रत किंवा फोटो जपून ठेवा. दोन वर्षांनी कुणी विचारलं तर तोच पुरावा. आपल्या प्रकरणाचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक वकिलांकडून घेऊन ठेवा, ई-कोर्ट ॲपवर त्यावरून नवी तारीख दिसते. वकिलाचा फोन लागला नाही म्हणून तारीख बुडाली, असं तरी होणार नाही. तुमच्या बाजूने मनाई हुकूम असेल तर तो कधीपर्यंत आहे ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारखेवार नोंदीत, वाचून घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० वर फोन करता येतो.

घरातलं कुणी कोठडीत असेल तर मात्र वहीत पहिल्या रिमांडची तारीख लिहा आणि तोच दिवस पहिला धरून मोजा. तो दिवस मोजायचा हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पक्कं केलंय. पहिला रिमांड १ जूनला झाला असेल आणि मुदत ६० दिवसांची असेल, तर ३० जुलैला ६० दिवस पूर्ण होतात. त्या दिवसापर्यंत दोषारोपपत्र दाखल झालं नाही, तर ३१ जुलैला कोर्ट उघडताच जामिनाचा अर्ज गेला पाहिजे, कारण हा हक्क मागावा लागतो. मागण्याआधी दोषारोपपत्र आलं, तर तो गेला. अर्ज आधी आणि दोषारोपपत्र नंतर, असं झालं तर हक्क टिकतो, मग साहेबांनी त्या अर्जावर आदेश दुसऱ्या दिवशी केला तरी चालतं. लेखी अर्ज शक्य नसेल तर तोंडी मागणीही ग्राह्य धरली गेली आहे. ऑनलाइन दाखल केला तर दाखल झाल्याच्या वेळेसह पावती काढून ठेवा, आणि कागदावर दिला तर प्रतीवर शिक्का घेताना तारखेखाली वेळही लिहून घ्या.